वेताळ टेकडीवर ‘मोहन धारिया स्मृतिवन’? माझा विरोध

पंचवटीकर

परवा इथे एका ज्येष्ठ सदस्यांनी प्रस्ताव टाकला: पुण्याच्या वेताळ टेकडीवर खाणीभोवतीचा जो पट्टा आहे त्याला ‘मोहन धारिया स्मृतिवन’ नाव द्यावं, पायथ्याशी त्यांची माहिती देणारा फलक लावावा आणि त्यासाठी सगळ्यांनी सह्या कराव्यात. खाली ‘सहमत’, ‘+१’, ‘उत्तम कल्पना’ यांची रांग. माझं म्हणणं प्रतिसादाच्या चौकटीत मावेना, म्हणून वेगळा धागा.

आधीच सांगून टाकतो, नाहीतर पहिला प्रतिसाद ‘तुम्हाला धारिया कोण ते माहीत आहे का’ असा येईल. माहीत आहे. १९७१ आणि १९७७ ला पुण्याचे खासदार. केंद्रात राज्यमंत्री असताना ‘जयप्रकाशांशी बोला’ असं उघड म्हणाले म्हणून मार्च १९७५ मध्ये मंत्रिपद गेलं. आणीबाणीला लोकसभेत उभं राहून विरोध केला. जनता सरकारात व्यापारमंत्री झाले. आणि राजकारणातून मन उडाल्यावर बंगल्यात बसून आठवणी लिहिण्याऐवजी माती-पाण्याचं काम करणारी ‘वनराई’ ही संस्था काढली. २००५ ला पद्मविभूषण, २०१३ ला गेले. माणूस मोठा, यात वाद नाही.

वाद पुढच्या गोष्टींवर आहे. पुण्यात नामकरण कधी एकटं येत नाही. नाव आलं की कार्यक्रम आला, कार्यक्रम आला की मंडप आणि मंडपापर्यंत गाडी जायला रस्ता. मग कमान. कमानीपासून आत पेव्हर ब्लॉक, कडेला लॉन, लॉनला पाणी म्हणून बोअर, रात्री अंधार नको म्हणून हायमास्ट. आमच्याकडच्या एका छोट्या टेकडीच्या पायथ्याला असंच एका दिवंगत नगरसेवकांचं नाव दिलं गेलं. कोनशिला जाऊन बघा. ज्यांचं स्मारक त्यांचं नाव एका ओळीत, आणि ‘यांच्या शुभहस्ते’, ‘यांच्या प्रमुख उपस्थितीत’, ‘यांच्या प्रयत्नांतून’ ही मंडळी खाली दगडभर, दुप्पट टायपात.

शिवाय जागा कोणाची? टेकडीचा मोठा भाग वनखात्याचा, काही पालिकेचा, काही खासगी. सह्या कोणाला देणार?

आणि टेकडीला नाव आहे. वर वेताळबाबाचं देऊळ आहे. त्याने आजवर कोणाकडे अनुदान मागितलेलं नाही.

नाना_कोथरूड

तो ‘ज्येष्ठ सदस्य’ मीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं, मी काही कोनशिला नाही.

पंचवटीकर, तुम्ही धारियांची माहिती छान पाठ केली आहे. मी तो काळ पाहिला आहे. ७७ च्या निवडणुकीत आम्ही कॉलेजची पोरं रात्री चुना आणि गेरू घेऊन भिंती रंगवत होतो. सकाळी पोलीस पुसायला लावायचे, रात्री पुन्हा. मंत्रिपद सोडवत नाही अशी माणसं आज बघतो, तेव्हा एका वाक्यासाठी मंत्रिपद घालवलेला माणूस पुण्याने दिल्लीला पाठवला होता हे माझ्या नातवाला कळावं असं मला वाटलं, तर त्यात एवढं चिडण्यासारखं काय आहे?

उड्डाणपुलांना पुढाऱ्यांची नावं चालतात, नाट्यगृहांना चालतात, भाजी मंडईला चालतात. ज्याने उरलेलं आयुष्य माती आणि पाण्यात घातलं त्याचं नाव टेकडीला द्यायचं म्हटलं की लगेच पेव्हर ब्लॉकची आठवण!

आणि एक व्यवहाराची गोष्ट. ज्या जागेला नाव नसतं तिला फक्त सर्व्हे नंबर असतो. सर्व्हे नंबरवर रस्ता आखणं सोपं. एप्रिल २०२३ मध्ये टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याविरुद्ध लोक हजारोंनी बाहेर पडले, ते ‘वेताळ टेकडी वाचवा’ म्हणत. सर्व्हे नंबर वाचवायला कोण येतं?

फटकळ

नाना, म्हणजे वेताळाच्या नावाने काम झालंच की. मग धारिया कशाला? तुमचाच मुद्दा तुमच्यावरच उलटला, अभिनंदन.

राज्यभर वनखात्याची ‘स्व. उत्तमराव पाटील’ यांच्या नावाची उद्यानं आहेत. स्वातंत्र्यसैनिक होते, मंत्री होते. तिथे संध्याकाळी घसरगुंडीपाशी उभ्या असलेल्या दहा पालकांना विचारा, उत्तमराव पाटील कोण. ‘इथले नगरसेवक असतील’ हे उत्तर आलं नाही तर मी मिसळ देतो.

सुतारदऱ्याची

पंचवटीकरांशी सहमत, पण कारण वेगळं आहे. येरवड्याला नदीकाठी डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्य आहे. त्यांच्याएवढं नाव या देशात पक्ष्यांच्या बाबतीत दुसऱ्या कोणाचं नाही. त्या नावाने काय मिळालं? वन्यजीव कायद्याखालची अधिसूचना नाही, राडारोडा टाकायला येणाऱ्या ट्रकला अटकाव नाही, आणि त्या पट्ट्यातून रस्ता न्यायच्या गप्पा अधूनमधून चालूच. ‘अभयारण्य’ आहे म्हणून लोक निर्धास्त, आणि कागदावर काहीच नाही.

उलट बीडीपीला (जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणाला) कोणाचंच नाव नाही. १९९७ मध्ये २३ गावं हद्दीत आली, तेव्हापासून त्यांच्या टेकड्यांवर हे आरक्षण टिकावं म्हणून माजी महापौर वंदना चव्हाण आणि कितीतरी संस्था भांडल्या. २०१५ ला सरकारने बांधकामबंदीसकट मान्यता दिली. ९५० हेक्टरांहून जास्त जमीन. नाना, टेकड्या नावाने राहिल्या की आरक्षणाने, तुम्हीच ठरवा.

बावधनचा

आरक्षणाचं कौतुक करणाऱ्या ताई, तुमची जमीन आहे का बीडीपीत? आमची आहे. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी नांगरलेली. बांधता येत नाही, विकायला गेलं तर घेणारा हसतो. मोबदला काय, तर ८ टक्के टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे बांधकामाचा हक्क. बाकीच्या आरक्षणाला पुरता आणि टेकडीवाल्यांना ८ टक्के. आणि शेजारी अर्ध्या अर्ध्या गुंठ्याची पत्र्याची घरं रातोरात उभी राहतात, त्यांना वीज मिळते, नळ मिळतो. कायदा पाळला तो मूर्ख.

तुम्हा लोकांना सकाळी फिरायला ऑक्सिजन पाहिजे आणि त्याचं बिल आम्ही भरायचं. धारियांचं नाव द्या नाहीतर वेताळाचं द्या, आधी पैसे द्या.

सुतारदऱ्याची

मोबदल्याचा प्रश्न खरा आहे, मी नाही म्हणत नाही. पण तो मुद्दा पुढे करून पूर्ण बांधकाम परवानगी मागणारे शेतकरी किती आणि त्यांच्याकडून कुलमुखत्यारपत्र घेऊन बसलेले बिल्डर किती, हेही सांगा.

बावधनचा

आम्ही कुलमुखत्यार कोणाला दिलेलं नाही. आरोप करायचा तर नाव घेऊन करा.

पुरंदरचा

इथे सगळे टेकडीवर फिरणारे दिसतात. मी खालचा माणूस, ज्याच्या विहिरीला जानेवारीत तळ दिसायचा.

धारिया म्हणजे आम्हाला वनराई बंधारा. शाळेत असताना आम्हाला ओढ्यावर नेलं होतं. गावात कोणाचं घर चाललं होतं तिथून सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणल्या होत्या. त्यात माती-वाळू भरायची. गच्च नाही, पाऊण भरायची, म्हणजे ती दबून बसते. गच्च भरलेली गोणी गोल होते आणि तिच्या कडेने पाणी पळतं. सुतळीने तोंड शिवायचं. मग आडव्या रचायच्या, वरच्या थराची गोणी खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर, आणि फटीत माती चोपायची. पाऊस उघडला, ओढ्याची धार बारीक झाली की लगेच करायचं. उशीर केला तर अडवायला पाणीच नसतं. खर्च सुतळीचा आणि चहाचा. त्या साठ्यावर ओढ्याकाठच्या विहिरींना रब्बीपुरतं पाणी राहिलं. पुढच्या पावसात बंधारा वाहून जातो, पुन्हा बांधायचा. आंबेगाव तालुक्यात गावडेवाडीला तर वनराईने सगळं गावच हातात घेतलं होतं, तिथे आमची माणसं बघायला गेली होती.

हे काम करणाऱ्या माणसाचं नाव पुण्यात कुठेतरी असावं असं मला वाटतं. टेकडीच पाहिजे असं नाही. पण कमान, पेव्हर म्हणत त्याला कोनशिलेवाल्या नगरसेवकांच्या रांगेत बसवू नका.

माळटिटवी

पुरंदरचा, बंधाऱ्याबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण आता मूळ मुद्द्यावर, ज्याला कोणीच हात लावलेला नाही. टेकडी म्हणजे ‘वन’ हे कोणी ठरवलं?

पुण्याच्या टेकड्या मुळात गवताच्या. मुरमाड, पातळ मातीच्या, मध्ये मध्ये सालई, मोई, गणेर, कांडोळ, खाली हेंकळ आणि बोरी. पावसाळ्यात हिरवं, दिवाळीनंतर सोनेरी, उन्हाळ्यात करडं. हे करडेपण म्हणजे टेकडी ‘पडीक’ आहे असा अर्थ ऐंशीच्या दशकात लावला गेला आणि ‘पडीक जमीन हिरवी करा’ ही मोहीम झाली. वनखात्याने लावलं काय? गिरीपुष्प. मध्य अमेरिकेतलं झाड. झपाट्याने वाढतं, फांदी खोचली तरी जगतं, शेळ्या फारसं तोंड लावत नाहीत. पाणी घालायला नको, कुंपण नको, आकडा भरला. आज वेताळ टेकडी, तळजाई, जिथे जाल तिथे तेच. फेब्रुवारीत गुलाबी फुलतं, लोक फोटो काढतात, ‘पुण्यातला चेरी ब्लॉसम’ म्हणून टाकतात. त्या सावलीखाली बघा कधी. गवत नाही. गवत नाही म्हणून चंडोल नाही, तित्तिर नाही, माळटिटवी नाही. ती जमिनीवर उघड्यावर अंडी घालते, तिला झाडी नकोच असते.

आणि आता त्याच टेकडीवर ‘स्मृतिवन’. म्हणजे दर ५ जूनला पुन्हा खड्डे, पुन्हा रोपं, पुन्हा टँकर. धारियांविषयी आदर ठेवून सांगते, ‘पडीक’ या कल्पनेचं सगळ्यात मोठं व्यासपीठ वनराई होतं. त्यांचं नाव गवताळ टेकडीला देणं हा गवतावर अन्याय आहे.

नाना_कोथरूड

आता गवतावर अन्याय! कमाल आहे.

ताई, या टेकड्या मी सत्तरच्या दशकात बघितल्या आहेत. उघड्या बोडक्या. गुरं चरायची, सरपणासाठी बायका खुंट सुद्धा उपटून न्यायच्या. वणवे लागायचे ते वेगळेच. तुमचं सोनेरी गवत तेव्हा कॅलेंडरवर होतं. चार झाडं लावली नसती तर आज तिथे सोसायट्या असत्या, आणि माळटिटवीने अंडी पार्किंगमध्ये घातली असती.

गिरीपुष्प धारियांनी लावलं का? वनखात्याच्या झाडांचं पाप एका माणसाच्या माथी मारायचं, ही कोणती अभ्यासूवृत्ती?

माळटिटवी

धारियांनी लावलं असं मी कुठे लिहिलं? पुन्हा वाचा, चष्मा लावून.

झाडं होती म्हणून सोसायट्या झाल्या नाहीत हेही तुमचं आवडतं गृहीतक. सोसायट्या झाल्या नाहीत कारण जमीन वनखात्याच्या ताब्यात होती. झाडं असलेले भूखंड पुण्यात कसे मोकळे होतात ते दर उन्हाळ्यात दिसतंच.

नाना_कोथरूड

चष्म्यावर गेलात, म्हणजे मुद्दे संपले.

पुरंदरचा

गिरीपुष्पाला एवढ्या शिव्या नका घालू. आमच्या बांधावर लावलेलं आहे. पाला छाटून वाफ्यात गाडला की नत्र मिळतं, युरियाच्या दोन गोण्या कमी लागतात. सर्पणाला लाकूड होतं. गरिबाचं झाड आहे.

माळटिटवी

बांधावर असू दे की! छाटायला तुम्ही आहात. टेकडीवर कोण छाटतं? माझं भांडण झाडाशी नाही, मैलभर तेच ते लावण्याशी आहे.

टेकडीवरचा

तुमचं नाव आणि गवत बाजूला ठेवा. मी रोज पहाटे गोखलेनगरकडून चढतो. खरा प्रश्न मोबाइलवर मोठ्याने भजनं लावून चालणाऱ्यांचा आहे. मोर ओरडतो ते ऐकायला आपण जातो, आणि मागून ‘ओम जय जगदीश’. दुसरे ते मोरांना फरसाण घालणारे. तिसरे कुत्री मोकळी सोडणारे. ‘आमचा काही करत नाही हो’ म्हणेपर्यंत तित्तिराच्या मागे झुडपात! माळटिटवीताई, तुमची अंडी गिरीपुष्पाने नाही, लॅब्रॅडॉरने संपवली.

पंचवटीकर

मी कुत्रा साखळीने नेतो, हे आधीच नोंदवून ठेवतो.

टेकडीवरचा

तुमचं नाव घेतलं नव्हतं. स्वतःहून हात वर केलात.

सुतारदऱ्याची

गिरीपुष्पाबद्दल एक शंका. काढायचं म्हटलं तरी कसं? तोडलं की बुंध्यातून पुन्हा दहा फांद्या फुटतात. आणि टेकडीवर कुऱ्हाड चालवलीत की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, ‘टेकडीवर वृक्षांची कत्तल’. २०२३ मध्ये आपणच ‘एकही झाड जाऊ देणार नाही’ म्हणालो होतो ना? मीही तो फलक धरला होता.

माळटिटवी

एकदम कोणी काढायला सांगत नाही. एक छोटा तुकडा घ्या, तिथलं विरळ करा, फुटवे वर्षानुवर्षं मोडत राहा, नवीन काहीही लावू नका, गवत परत येतं का ते बघा. खुंटाजवळ बसून फुटवे मोडायला मात्र कोणी येत नाही. खड्ड्यात रोप ठेवून फोटो काढायला येतात. आणि ‘एकही झाड’ या घोषणेने रस्ता थांबवायला मदत झाली, पण आमच्यासारख्यांची पंचाईतही करून ठेवली, हे खरं आहे.

फटकळ

म्हणजे निष्कर्ष असा: नाव द्यायचं तर झाडं लावावी लागतील, गवत पाहिजे तर झाडं काढावी लागतील, झाडं काढली तर रस्तावाले म्हणणार ‘आता अडचण काय’. वेताळ शांतपणे वर बसून हसतो आहे.

पंचवटीकर

माझा धागा गिरीपुष्पाने भरला. असो, ते टेकडीवर सवयीचंच आहे.

पुरंदरकरांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. त्यातून सुचलेलं, नानांना उद्देशून: द्यायचंच असेल नाव, तर बंधाऱ्याला द्या. आपल्या भागात टेकड्यांवरून रामनदीकडे उतरणारे ओढे आहेतच. त्यातल्या एखाद्यावर, पाऊस उघडल्यावर, परवानगी काढून, गोण्यांचा बंधारा. त्याला ‘मोहन धारिया बंधारा’ म्हणा, माझी हरकत नाही. पुढच्या जूनमध्ये तो नावासकट वाहून जाईल. कोनशिला बसवायला जागाच नाही, त्यामुळे शुभहस्तेवाले फिरकणार नाहीत. नाव टिकवायचं असेल तर दर वर्षी पुन्हा बांधावं लागेल. बघू सह्या करणारे किती जण गोण्या भरायला येतात.

नाना_कोथरूड

खवचटपणा समजला. तरी प्रस्ताव मान्य. निदान तुम्ही त्यांचं नाव कुठेतरी सहन करायला तयार झालात, हेही नसे थोडके.

पण फलक हवाच. छोटा, लाकडी, शुभहस्ते कोणीही नाही. आणि तुम्ही स्वतः यायचं. कुत्रा घरी ठेवून.

पुरंदरचा

गोण्या प्लास्टिकच्या असतात, ऊन लागून फाटतात आणि चिंध्या ओढ्यात पसरतात. पाऊस सुरू व्हायच्या आत काढून घेणार असाल तरच बांधा. आम्ही पहिल्या वर्षी नाही काढल्या, पुढे वर्षभर चिंध्या वेचत होतो. पंचवटीकरांचं ‘नावासकट वाहून जाईल’ वाचायला छान वाटतं, वेचणाऱ्याला विचारा.

माळटिटवी

आणि माती कुठून आणणार? टेकडी खणून? मुरूम काढायचा तर ओढ्याच्या पात्रातला साठलेलाच घ्या, उतारावर फावडं लावू नका.

बावधनचा

ओढा माझ्या गटातून जातो. परवानगी पालिकेची काढाल ती काढा, माझी पण लागेल.

पंचवटीकर

देणार का?

बावधनचा

८ टक्के.

संपादक

चष्मा, कुत्रे आणि कुलमुखत्यारपत्र यांवरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. इथे फक्त नामकरणावर लिहा. गिरीपुष्पासाठी वेगळा धागा काढावा.

माळटिटवी

काढला. शीर्षक ‘टेकडीवर आता काहीही लावू नका’. नाना, तिथे पहिला प्रतिसाद तुमचाच येणार हे गृहीत धरलं आहे.

नाना_कोथरूड

आलोच. चष्मा लावून.